लाल की हिरवी, सेन्योर?

माझा धाकटा भाऊ फिदेन्सियो मिनेसोटाहून मला न्यायला आला. दारात गाडी उभी केली, हॉर्न वाजवला, आणि घरात पाऊलसुद्धा न टाकता म्हणाला, "लोइसा, चल. आधी दोन्या चोनच्या खाणावळीत जेवू."

"बीन्स शिजवून ठेवलेत," मी खिडकीतून म्हणाले.

"बीन्स मिनेसोटातही मिळतात. चल."

बरं, इतक्या वर्षांनी आलाय, म्हातारी बहीण काठी टेकत दारापर्यंत आलीय, तिला मिठी तरी मारावी. ते नाही. पण मला नवल वाटलं नाही. हा माणूस दर रविवारी फोन करायचा, आधी रीत म्हणून माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "आज चोनकडे काय होतं?" मग मी सांगायचे. एन्चिलादाच्या, त्या रश्श्यात बुडवलेल्या मक्याच्या पोळीच्या, कडा कशा कुरकुरीत होत्या, वरच्या अंड्याचा बलक कसा फुटून रश्श्यात उतरला. तिकडे त्याने आवंढा गिळलेला मला इकडे ऐकू यायचा. एका रविवारी मी घरीच कोरडा पाव खाल्ला होता, तरी त्याला सगळं जेवण वाढून दाखवलं. त्यात मला पाप वाटलं नाही.

मिनेसोटात त्याच्या गावी एक मेक्सिकन हॉटेल आहे म्हणे. त्याने एकदा तिथल्या ताटाचा फोटो पाठवला होता. एन्चिलादावर केचपसारखं काहीतरी ओतलेलं आणि त्यावर काळी ऑलिव्ह फळं. वाढणाऱ्या मुलीने त्याला विचारलं होतं, तिखट कमी करून देऊ का. त्यात कमी करायला काय होतं ते तिचं तिला माहीत. एकदा इथून जाताना त्याने गोठवलेल्या मिरच्या विमानात वरच्या कप्प्यात ठेवल्या. त्या वितळल्या आणि हिरवं पाणी खाली बसलेल्या एका सभ्य गृहस्थाच्या टकलावर ठिबकलं. गृहस्थ रागावले. फिदेन्सियोला दुःख झालं ते मिरच्या वाया गेल्याचं.

तर असा हा भाऊ मला इथून उचलून तिकडे न्यायला आला होता, आणि मी हो म्हटलं होतं.

मी हो म्हटलं त्याला कारण होतं. वसंतात मी कोंबड्यांच्या खुराड्यात पडले. सकाळी पडले ती दुपारी गावातला फाकुंदो अंडी न्यायला आला तोवर उताणी पडून होते. एक कोंबडी माझ्या पोटावर येऊन बसली आणि तिला तिथून उठायची काही घाई नव्हती. गावात ही गोष्ट सांगताना मी स्वतःच हसते, पण त्या दिवशी मी घाबरले होते. फार घाबरले होते. नवरा अबुंदियो गेला, पोरंबाळं नाहीत. त्या रविवारी फिदेन्सियो म्हणाला, "तू माझ्याकडे ये," तेव्हा मी नेहमीसारखं त्याला उडवून लावलं नाही. गावात मात्र कोणाला बोलले नाही. आमच्या सान लिबोरियोत एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगायची गरज राहत नाही.

खाणावळीच्या पाटीवर 'रामिरोज' लिहिलंय. रामिरो म्हणजे दोन्या चोनचा नवरा. तो जाऊनही जमाना झाला आणि तो असतानाही त्या जागेला कोणी रामिरोज म्हणत नव्हतं. दोन्या चोनची पद्धत अशी. तुम्ही दारातून आत येता, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमच्या तोंडाकडे बघते, आणि लाल मिरचीचा रस्सा घालायचा की हिरव्या मिरचीचा ते ती ठरवते. हिरवी झोपलेल्यांना, लाल दुखावलेल्यांना. एवढाच तिचा नियम. हिरवी पटकन डोक्यात जाते आणि माणूस जागा होतो. लाल सावकाश पोटात उतरते आणि तिथे ऊब धरून राहते. अबुंदियो गेला तो सगळा हिवाळा तिने मला लाल दिली. मग एका सकाळी काही न बोलता पुढ्यात हिरवी ठेवली. मी ताटावर बसून रडले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन केस कापून आले. फाकुंदोला मात्र मी कधी लाल मिळालेली पाहिली नाही. तो पाटाच्या पाण्याचा मुकादम होता, आता निवृत्त आहे, दिवसभर खिडकीपाशी बसतो. तो कधी जागा झालाय असं दोन्या चोनला अजून वाटलेलं नाही.

विचारतात ते फक्त हायवेवरून आलेल्यांना. त्यांना काय माहीत असणार. त्यांना ती अदबीने विचारते, "लाल की हिरवी?" आणि त्यांतले शहाणे, कुठल्या तरी पुस्तकात वाचून आलेले, म्हणतात, "ख्रिसमस." म्हणजे दोन्ही. अर्धी लाल, अर्धी हिरवी. गावचा माणूस तो शब्द तोंडातून काढणार नाही.

फिदेन्सियो आत शिरला, डोळे मिटले, नाकाने एवढा मोठा श्वास घेतला की त्याच्या शर्टाचं बटण ताणलं. भाजलेल्या मिरचीचा वास, तव्यावरच्या टॉर्टियाचा वास, जमीन पुसायच्या पाइनच्या साबणाचा वास. म्हणाला, "तसंच आहे गं सगळं." त्याचे डोळे भरून आले होते. आम्ही बसलो. दोन्या चोन बाहेर आली. ऐंशीच्या घरातली बाई, पण अजून पाठ ताठ. एप्रनला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

"या, बसा. आपल्याला काय आणू, सेन्योर? लाल की हिरवी?"

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. फिदेन्सियो तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, ती चेष्टा करतेय, आता हसेल. ती हसली नाही. तोवर तिने माझ्याकडे मान वळवली. "तुला हिरवी आहे, मीहा, पोरी. तोंड बघ, दुपारी झोपून आलीस."

आणि तिकडे माझ्या भावाने, आर्तेमियोच्या मुलाने, ज्याला याच गावात याच खाणावळीसमोर पहिल्यांदा सायकल शिकवली गेली, घाबरून तोंड उघडलं आणि म्हणाला, "ख्रिसमस."

खिडकीपाशी फाकुंदोच्या हातातला चमचा खाली पडला.

परतताना गाडीत त्याने आधी आरशात स्वतःचं तोंड बघितलं. मग म्हणाला, "तिने ओळखलं नाही मला."

"कशी ओळखेल? फुगलायस केवढा."

"तुला ओळखलं की."

"मी रोज जाते," मी म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. मला मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पोरगं मोठं घर, बर्फ काढायचं यंत्र आणि जॅनिससारखी गोरीपान बायको घेऊन बसलंय. मला दोन्या चोन विचारत नाही, एवढी एक तरी गोष्ट माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त होती.

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या वडिलांची गवती हॅट खुंटीवरून काढली. ती घालून तो वडील बसायचे त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्यांच्यासारखीच बोटं टेबलावर वाजवू लागला. मला ते बघवेना. दोन्या चोन आली, हॅटकडे बघितलं.

"छान हॅट आहे, सेन्योर. इकडे ऊन फार. लाल की हिरवी?"

तिसऱ्या दिवशी त्याने घरून निघतानाच डाव आखला होता. तिला विचारायची संधीच द्यायची नाही. ती स्वयंपाकघरातून बाहेर पडतेय तोच तो मोठ्याने म्हणाला, "नेहमीचं."

दोन्या चोन थांबली. "कोणाचं नेहमीचं, सेन्योर?"

फाकुंदोने तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

इकडे घरी माझी बांधाबांध चालली होती. फिदेन्सियो एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मिनेसोटाचं गुणगान गायचा. तिथे घराला पायऱ्या नाहीत. दवाखाना रस्त्यापलीकडे. जॅनिसने माझ्यासाठी खोली पिवळी रंगवलीय, कारण त्याने तिला सांगितलं की लोइसाला ऊन आवडतं. हे सांगून झालं की लगेच, "बाहेरचा वास येतोय का गं तुला?" असं म्हणत तो उठून दारात जाऊन उभा राहायचा. सप्टेंबर होता. दुकानांसमोर मिरची भाजायची पिंपं दिवसभर ज्वाळांवर फिरत होती, आणि त्या वासाने खोरं नुसतं भरून गेलं होतं. आमच्याकडे या महिन्यात घराघरांत पोतं येतं. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, पिशव्या भरून गोठवायच्या, की हिवाळ्याची सोय झाली. सप्टेंबरात मिरचीचं पोतं न घेणारा माणूस सान लिबोरियोत एकतर मेलेला असतो, नाहीतर चाललेला असतो.

मी पोतं घेतलं नव्हतं. कोणासाठी घेणार? हिवाळ्यात मी पिवळ्या खोलीत असणार.

दारात उभ्या असलेल्या त्या पाठमोऱ्या भावाकडे बघून मला एक गोष्ट कळली. त्याला माझी काळजी होती हे खरं. पण तेवढंच नव्हतं. तिकडे त्याला दोन्या चोनची आठवण काढायला कोणी नव्हतं. जॅनिस भली बाई, पण तिला काळी मिरीसुद्धा झोंबते. त्याला रोज संध्याकाळी समोर बसून "आठवतं का गं" म्हणायला माणूस हवा होता, म्हणून तो मला घेऊन चालला होता. म्हणजे ज्या जागेसाठी हा झुरत होता, तिथून मला उपटून न्यायचं आणि मग दोघांनी मिळून झुरायचं. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. कप गुंडाळत बसले.

कोंबड्यांचं मात्र बघायला हवं होतं. फाकुंदोला म्हटलं, "थोडे दिवस तुझ्याकडे ठेवशील का?" तो म्हणाला, "थोडे म्हणजे?" मी म्हटलं, "थोडे म्हणजे थोडे." एवढंच बोलले होते मी.

चौथ्या दिवशी फिदेन्सियो साधा शर्ट घालून आला. हॅट नाही, डाव नाही. दोन्या चोन टेबलापाशी आली, तिने तोंड उघडायच्या आत तो उठून उभा राहिला.

"दोन्या चोन, मी फिदेन्सियो. आर्तेमियोचा मुलगा. तुमची बकरी सोडून दिली होती ना, ती चर्चमध्ये शिरली होती, तो मी."

"माहितेय मला," दोन्या चोन म्हणाली. "बस खाली. पहिल्या दिवशी दारातून आलास तेव्हाच ओळखलं. बापासारखाच चालतोस अजून, बदकासारखा."

"मग विचारता कशाला मला?"

"तूच सांगितलंस विचारायला."

"मी?"

"तुझी आई गेली तेव्हा, शेवटचा आलास तो. आठव जरा. माती देऊन सगळे इथे आलात. तू होतास, बायको होती तुझी. मी तुझ्यापुढे लाल ठेवली. आई गेलेल्या पोराला लाल नाही द्यायची तर काय द्यायचं? तू ताट पुढे सरकवलंस आणि मला म्हणालास, 'दोन्या चोन, आमच्याकडे आधी विचारतात.'"

"आमच्याकडे," फाकुंदो खिडकीपाशी हळूच म्हणाला.

"तू गप्प बस," दोन्या चोन त्याला म्हणाली, आणि फिदेन्सियोकडे वळली. "मी म्हटलं, ठीक. याचं 'आमच्याकडे' आता तिकडे आहे. तिकडची रीत तर तिकडची. म्हणून विचारते बापड्या. त्यात राग नाही माझा."

फिदेन्सियोच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट परत आलेली मला दिसली. ते ताट, तो दिवस, जॅनिसचा काळा झगा. त्याच्या लक्षात नव्हतं, पण आता आलं. तो म्हणाला, "मला तेव्हा काही सुचत नव्हतं." दोन्या चोन म्हणाली, "म्हणूनच तर लाल दिली होती."  मला वाटलं, आता ती त्याच्या केसांवरून हात फिरवेल आणि सगळं मिटेल. मी टेबलाखाली काठी नीट ठेवली, नॅपकिन मांडीवर घेतला आणि माझ्या ताटाची वाट बघू लागले.

दोन्या चोन माझ्याकडे वळली.

"आणि आपल्याला, सेन्योरा? लाल की हिरवी?"

मला वाटलं, मागे कोणी हायवेवरचं आलंय. मी मान वळवून बघितलं. मागे भिंत होती.

"मला विचारता?"

"सप्टेंबर संपत आला," ती म्हणाली. "तुझ्या अंगणातून भाजल्या मिरचीचा वास नाही. पोतं घेतलं नाहीस. कोंबड्या याला दिल्यास." तिने फाकुंदोकडे हनुवटी केली. फाकुंदो रस्त्याकडे बघत होता, पण त्याचे कान तांबडे झाले होते. "मला कोणी काही सांगितलं नाही. पण मग विचारायला लागणार मला. लाल की हिरवी?"

मी तोंड उघडलं. पोस्टात खिडकीवर बसून मी जन्म काढला. मी कोणाच्या बापाला घाबरले नाही आणि उत्तर देताना कधी अडले नाही. पण दोन शब्दांतला एकही शब्द बाहेर पडेना. हिरवी म्हणावं तर वाटलं, लाल हवी होती. लाल म्हणावं तर हिरवी आठवली. इतकी वर्षं मी तिथे जेवतेय आणि मला त्यांतली कुठली जास्त आवडते हेच मला ठाऊक नव्हतं. मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. मी तिथे नुसती जाऊन बसायचे आणि माझ्याकडे बघून कोणीतरी ओळखायचं की आज मला काय झालंय. पिवळ्या खोलीत ते कोण ओळखणार होतं? फिदेन्सियो? त्याला चार दिवसांत माझा चेहरा एकदाही नीट दिसला नव्हता. त्याला खाणावळच दिसत होती.

मला रडू आलं. चारचौघांत, नॅपकिन मांडीवर घेऊन.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले.

"राहणाऱ्यांना मी सांगते. जाणाऱ्यांना विचारते."

मी भावाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर शब्द फुटला नसता. "राहते," मी म्हणाले.

दोन्या चोनने माझ्याकडे निरखून बघितलं. "मग लाल. गुडघा दुखतोय, आणि भाऊ रागावणारेय." ती आत जायला वळली आणि दारातून म्हणाली, "सकाळचं जेवण रोज इथे. वेळेवर दिसली नाहीस तर मी फाकुंदोला खुराड्यात बघायला पाठवते. तो नाहीतरी रिकामाच आहे."

"मी कामात असतो," फाकुंदो म्हणाला.

"आणि मी?" फिदेन्सियो बिचारा अजून उभाच होता. "मलाही तुम्हीच सांगा."

"आपलं विमान कधी आहे, सेन्योर?"

"सोमवारी."

"मग आपण निवडा."

तो खाली बसला. टेबलाकडे बघून म्हणाला, "हिरवी." आणि मुकाट्याने जेवला.

तो रागावला, दोन्या चोन म्हणाली तसंच. गाडीत म्हणाला, "एका ताटासाठी तू माझ्याकडे येत नाहीस." मी म्हटलं, "तू ज्या ताटासाठी दर रविवारी रडतोस तेच ते." घरी आल्यावर त्याने माझे कप वर्तमानपत्रातून सोडवले, एकेक असा आपटून ठेवला की मला प्रत्येकाची भीती वाटत होती. मग जॅनिसला फोन केला आणि पिवळ्या खोलीचं काय करायचं ते दोघं हळू आवाजात बोलत राहिले. मला वाईट वाटलं. त्या बाईने मला कधी दुखावलं नव्हतं, आणि रंग तिने स्वतःच्या हाताने लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठेतरी गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मिरचीचं पोतं होतं, भाजून आणलेलं, वाफ येणारं. तो बदकासारखा चालत अंगणात आला, पोतं टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "सुरी दे." आम्ही दिवसभर सोलत बसलो. त्याला सांगितलं होतं की डोळ्याला हात लावू नकोस. त्याने लावला. अंगणातल्या नळाखाली डोकं घालून तो ओरडत होता आणि मधेच हसत होता, आणि मी खुर्चीवर बसून इतकी हसले की काठी पडली. फाकुंदो कोंबड्या परत घेऊन आला होता. तो म्हणाला, "हा सेन्योर आता जागा झाला म्हणायचा." या भेटीत माझ्या भावाचा चेहरा मला पहिल्यांदा दिसला तो तेव्हा, लालभडक, पाणी गळणारा. आमच्या आईसारखा दिसत होता.

सोमवारी जाताना दोन्या चोनकडे थांबलो. ती बाहेर आली आणि त्याच्या हातात एक डबा दिला, कापडात गाठ मारून बांधलेला, गोठवून दगड केलेला.

"मोठ्या बॅगेत टाक. कोणाच्या टकलावर सांडू नकोस," ती म्हणाली. ती टकलाची गोष्ट तिला कोणी सांगितली ते मी सांगणार नाही.

फिदेन्सियोने डबा दोन्ही हातांत धरला. "यात काय आहे? लाल की हिरवी?"

"विचारायचं काम माझं," दोन्या चोन म्हणाली आणि आत गेली.

त्याचा फोन आला तो रविवारी नव्हे, मधल्याच एका दुपारी. मी दाराबाहेर बसले होते. तिकडून आधी नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. जेवतोय."

"मग?"

"हिरवी आहे, लोइसा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिने मला विचारलं नाही," तो म्हणाला. "हिरवी दिलीय. म्हणजे मी अजून झोपलोय म्हणतेय ना ती?"

"दुसरं काय."

"फार तिखट आहे गं." त्याला बोलता येईना. मागे जॅनिस काहीतरी विचारत होती आणि तो तिला सांगत होता की काही नाही, मिरची आहे.  मला त्याचा चमचा डब्याच्या तळाला घासलेला ऐकू आला.

"परत येण्याबद्दल जॅनिसशी बोलतोय मी," तो शेवटी म्हणाला. "लगेच काही ठरलं नाही. पण पुढच्या सप्टेंबरात पोतं घेशील तेव्हा तुमच्याकडे..." तो थांबला. "आपल्याकडे एक जास्तीचं घेऊन ठेव. माझ्यासाठी."

"ठेवते," मी म्हणाले.

मिरची किती तिखट हवी ते मी त्याला विचारलं नाही.